वावर सांभाळून पहिले दहा किलोमीटर

दिवाळी झाली की आमच्या सकाळच्या ग्रुपवर दरवर्षी एक तरी मेसेज येतोच, "भाऊ, मले बी मॅरेथॉन पयाची हाय, कसं करू?" मग कोणी यूट्यूबची लिंक टाकतो, कोणी म्हणतो चार वाजता उठ, कोणी म्हणतो रोज चार अंडे खा, आणि तो बिचारा दुसऱ्याच दिवशी पोलीस भरतीच्या पोट्ट्यांसोबत ग्राउंडवर जातो, त्यांच्या मागे चार राउंड मारतो आणि मग आठ दिवस पोटऱ्या चोळत घरी बसतो. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून या वर्षी एकदाच सगळं लिहून ठेवतो, नवीन माणूस आला की हेच फॉरवर्ड करायचं.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. आपल्याकडे कोणत्याही शर्यतीला मॅरेथॉनच म्हणतात, शाळेची दोन किलोमीटरची असली तरी. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते, हाफ म्हणजे २१ च्या थोडं वर, आणि त्याखाली १० आणि ५ किलोमीटरच्या रेस असतात. हे जे लिहून राहिलो ते १० किलोमीटरसाठी आहे, तेही पहिल्यांदा पळणाऱ्या किंवा चालणाऱ्या माणसासाठी. हो, चालणाऱ्यासाठी सुद्धा. आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक चालतातच आणि त्यांना बी तेच मेडल भेटते.

आमचं गाव हिंगणघाटच्या बाजूला, कापूस, तूर, चना, बस. ग्रुपमध्ये शेतकरी आहेत, दोन मास्तर आहेत, अंगणवाडीवाल्या ताई आहेत, एक रिटायर कंडक्टर काका आणि चार-पाच भरतीवाले. शहरातल्या लोकांचे प्लॅन आम्ही बी पाहिले, चांगले असतात, पण त्यात एक गोची आहे. तो प्लॅन लिहिणारा धरून चालतो की माणूस पळून आला की दिवसभर खुर्चीवर बसणार. आपलं तसं नाही. वावरात राबतो म्हणून पळायचा सराव होऊन जातो असं नसते, पाय वेगळ्या कामाला तयार झालेले असतात. आणि दुसरीकडून, दिवसभर कापूस वेचला तो दिवस "आज रनिंग नव्हती म्हणजे आराम" असा बी धरता येत नाही. या दोन्ही चुका मी स्वतः केल्या आहेत आणि खाली जे आहे ते बरंचसं त्यातूनच आलं आहे.

तारीख आधी, जोश नंतर

रेस आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजा. पूर्ण नवीन माणसाला १२ आठवडे द्या. दम तीन-चार आठवड्यांतच वाढलेला जाणवतो, पण हाडं आणि सांध्याजवळच्या शिरा (टेंडन) तयार व्हायला जास्त वेळ घेतात, म्हणून नवीन माणसाला महिन्याभरात वाटते की आता आपण उडतो आणि नेमकं तेव्हाच नडगी धरते. जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीतली रेस धरली तर नोव्हेंबरात सुरू करायचं. थंडीत आपल्याकडे पहाटे १० अंशांच्या आसपास पारा असतो, पळायला त्याच्यासारखं हवामान नाही. मार्चनंतरची रेस पहिल्यांदा घेऊच नका, विदर्भाचं ऊन कोणाला सांगायची गरज नाही, मे महिन्यात ४५ च्या वर जाते.

रजिस्ट्रेशन करताना फी आणि टी-शर्टच्या आधी कटऑफ टाइम पहा, म्हणजे किती वेळात संपवावं लागते ते. एकदम झपाझप चालणारा माणूस तासाला ६ किलोमीटर जातो, म्हणजे त्याला १० किलोमीटरला १ तास ४० मिनिटं लागतात. नेहमीच्या चालीने दोन तास. कटऑफ दीड तासाचा असेल तर पूर्ण चालणाऱ्याने ५ किलोमीटरवालीच घ्यावी, त्यात लाज काही नाही, पैसे वाचतात.

बूट घ्यायच्या आधी दवाखाना

हे लोक हसण्यावारी नेतात म्हणून जरा जास्त लिहितो. चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगरची गोळी सुरू असेल, घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, चढावर छातीत दाटल्यासारखं होत असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा. शुगरवाल्यांनी खिशात गूळ नाही तर साखरेची पुडी ठेवायचीच, आणि गोळीचा टाइम बदलायचा का ते डॉक्टरलाच विचारा, ग्रुपवर नाही.

बायांनी हिमोग्लोबिन करून घ्या, आरोग्य केंद्रात होते. आमच्या ग्रुपमधली एक काकू तीन आठवडे म्हणत होती "मह्यात दमच नाही बाप्पा", सगळे तिला आळशी समजत होते आणि रिपोर्ट आला तर रक्त चांगलंच कमी. गोळ्या घेतल्या, दोन-अडीच महिन्यांनी तीच काकू सगळ्यांच्या पुढे चालायला लागली.

आणि सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात हा आजार बऱ्यापैकी आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. ज्यांना स्वतःला आजार आहे त्यांनी डॉक्टरच्या परवानगीशिवाय रेसची तयारी सुरूच करू नये. जे फक्त वाहक आहेत त्यांना एरवी काहीच त्रास नसतो, म्हणून बऱ्याच जणांना माहीतच नसते, पण उन्हात, कमी पाण्यावर, एकदम जोर लावून पळालं तर वाहकाला सुद्धा धोका होऊ शकतो, माणूस कोसळू शकतो. घाबरायचं नाही, वाहक माणूस आरामात पळू शकतो, फक्त हळूहळू वाढवायचं, पाणी प्यायचं आणि अंग गळाल्यासारखं झालं की थांबायचं. भरतीवाल्या पोट्ट्यांनी तर हे खास वाचावं, कारण १६०० मीटर जीव तोडून पळणारे तेच आहेत.

बूट आणि मोजे

आठवडी बाजारातले मोठ्या कंपनीच्या नावाचे पाचशेवाले बूट घेऊ नका. ते दिसायला भारी असतात आणि आतून पुठ्ठा. शाळेचे पीटीचे कॅनव्हास बूट बी नको. शहरात गेलात की दुकानात रनिंगचेच मागा, रंग नंतर पहा. संध्याकाळच्या टाइमाले जा कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, पुढे अंगठ्यासमोर बोटभर जागा पाहिजे, आणि दुकानातच दहा-वीस पावलं पळून पहा, दुकानदार हसला तर हसू द्या. बजेट कमी असेल तर रेसची फी पुढच्या वर्षी भरा, पण बूट घ्या.

आता कापसाच्या मुलखात बसून हे लिहितो म्हणून शिव्या देऊ नका, पण मोजे सुती नको. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओला राहतो आणि मग फोड येतात. पातळ सिंथेटिक मोजे घ्या. मांड्या आणि काखेत घासते तिथे व्हॅसलीन नाही तर खोबरेल तेल लावा. बायांनी सलवार-कमीज, ट्रॅक पॅन्ट, जे सोयीचं ते घाला, आमच्याकडे दोन मावश्या साडीवरच चालतात, फक्त साडी घोट्याच्या वर खोचा आणि आतून चांगली घट्ट ब्रा असू द्या. घड्याळ नसलं तरी चालते. अंतर मोजायला गाडीचं मीटर आहे, मोबाइल आहे, आणि काहीच नसलं तर रस्त्याच्या कडेचे दगड आहेत. ग्राम सडकेवर नारंगी-पांढरा, राज्य महामार्गावर हिरवा-पांढरा.

ग्रुप कसा चालतो

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, "मी सगळ्यात हळू आहे, माह्यामुळे बाकीचे थांबतील." नाही थांबत. आम्ही शिट्टीवर चालतो. ५:३० ला झेडपी शाळेच्या गेटवर जमायचं, हजेरी वहीत लिहायची, पाच मिनिटं हातपाय मोकळे करायचे आणि सगळे एकाच दिशेने निघायचं. २० मिनिटं झाली की मागून-पुढून शिट्टी वाजते आणि जो जिथे असेल तिथून तो उलटा फिरतो. पळणारा तीन किलोमीटरवर पोचलेला असेल, चालणारी काकू दीडवर, पण परत येताना सगळे जवळपास एकाच टायमाले गेटवर पोचतात. कोणी कोणासाठी थांबत नाही, कोणी मागे सुटत नाही, आणि जो गेला त्यापेक्षा हळू परत येतो त्याला स्वतःच कळते की जाताना जास्त उडला होता. ज्याने कोणी ही आयडिया शोधली त्याचे पाय धरावे.

एक माणूस रोज शेवटचा राहतो, टॉर्च आणि मोबाइल घेऊन. वहीतल्या सगळ्या नावांपुढे परत आल्याची टिक झाल्याशिवाय तो घरी जात नाही. पाळीपाळीने सगळ्यांवर येते, भरतीवाल्यांवर बी, ते कुरकुर करतात पण करतात.

लोक काय म्हणतील हा प्रश्न बायांना जास्त असतो. पहिले पंधरा दिवस चहाच्या टपरीवरून कमेंटा आल्या, "काय वो, कुठं चालल्या, एसटी सुटली का?" आता त्याच टपरीवाल्याची बायको ग्रुपमध्ये आहे. तसं पाहिलं तर चालणं आपल्याकडे नवीन थोडीच आहे, शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी महिनाभर पायी चालून पंढरपूरले जाते, पवनारचे विनोबा अख्ख्या देशात पायी फिरले. फक्त पायात बूट घालून चाललं की लोकांना विचित्र वाटते.

आता खरं काम

पहिला आणि शेवटचा नियम, बोलता आलं पाहिजे. पळताना बाजूच्याला पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, "अबे... थांब... ना" असं तुटक निघत असेल, तर तुम्ही जास्त जोरात आहात. स्पीड कमी करा, चाला. भरतीवाल्यांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० मार्काचं ग्राउंड काढायचं असते, त्यांचा खेळ पाच-सहा मिनिटांत संपतो, आपला तास-सव्वा तास चालतो. त्यांच्या मागे लागलं की आपलं वाटोळं.

पळा-चाला पद्धत वापरा. जेफ गॅलोवे नावाचा अमेरिकन माणूस, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळालेला, त्याने ही पद्धत नवीन लोकांमध्ये रुजवली आणि आज जगभर लोक अशीच पूर्ण मॅरेथॉन बी काढतात. दम संपल्यावर चालायचं असं नाही त्यात, दम असतानाच ठरल्या वेळी चालायचं.

आमचं गणित असं. पहिले दोन आठवडे पळायचंच नाही, आठवड्यात चार दिवस अर्धा-पाऊण तास झपाझप चाला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला, असं आठ-दहा वेळा. मग २ मिनिटं पळा, १ चाला. सातव्या आठवड्यापासून ४ आणि १. ज्याला जमेल त्याने पुढे वाढवावं, ज्याला नाही जमत त्याने तिथेच राहावं, ४ आणि १ वर १० किलोमीटर मस्त होतात. आठवड्यात तीन दिवस हे पळायचं, एक दिवस नुसतं चालायचं, बाकी सुट्टी. तीन दिवसांपैकी दोन छोटे, अर्धा-पाऊण तासाचे, आणि रविवार लांबचा. रविवारचं अंतर ३ किलोमीटरपासून सुरू करून दर रविवारी साधारण एक-एकने वाढवायचं, पण दर चौथ्या रविवारी कमी करायचं, म्हणजे ३, ४, ५ आणि मग परत ४. दहाव्या आठवड्यात ८-९ झाले की बस. पूर्ण १० आधी करून पाहायची काही गरज नाही, रेसच्या दिवशी गर्दी आणि ढोलताशे उरलेले एक-दोन किलोमीटर ओढून नेतात.

चालणाऱ्यांनी हेच अंतर चालायचं, फक्त एका छोट्या दिवशी मधे मधे दोन-दोन मिनिटं एकदम जोरात, बस सुटून राहिली आहे असं समजून.

वावराचा हिशोब

शहरातल्या प्लॅनमध्ये हे नसते म्हणून इथे जरा थांबा. आमच्या वहीत पळण्याच्या रकान्याच्या बाजूला अजून एक रकाना आहे, "काम". त्यात फक्त तीन शब्द, हलकं, मध्यम, जड. दिवसभर कापसाचा वेचा, गंजी रचणं, तुरीची सोंगणी, पोती उचलणं हे जड. जड दिवसाच्या दुसऱ्या सकाळी पळायचं नाही, फार तर वीस मिनिटं पाय मोकळे करायचे. दोन जड दिवस लागून आले तर रविवारचा लांबचा पल्ला बिनधास्त अर्धा करा. पहिल्या वर्षी मी हा हिशोब नाही ठेवला, मजूर भेटत नव्हते म्हणून स्वतः पाच दिवस कापूस वेचला, वाकून वाकून कंबर धरलेली, आणि तरी रविवारी सात किलोमीटर पळालो कारण प्लॅनमध्ये लिहिलं होतं. सोमवारी बंडीवर चढता येत नव्हतं. तीन आठवडे गेले त्यात.

दुसरं, ओलीत. पंपाची लाईन (वीज) रात्रीची असली की चन्याले-गव्हाले पाणी द्यायला माणूस रात्री बारा ते पहाट वावरात असतो. रात्रभर ओलीत करून सकाळी ५:३० ला गेटवर हजर होणाऱ्याला आम्ही हाकलून देतो, अक्षरशः. झोप नसलेल्या अंगाने पळालं की फायदा शून्य आणि पाय मुरगळायचा चान्स जास्त. लाईनचं टाइमटेबल आठवड्याचं माहीत असतेच, त्याप्रमाणे आपले तीन दिवस बदलून घ्या, मंगळवारचं गुरुवारी केलं म्हणून काही बिघडत नाही.

तिसरं, फवारणी. फवारणी केली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पळू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती लोक गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. डोकं दुखणं, मळमळ, डोळ्यापुढे अंधारी, हे फवारणीनंतर असेल तर ते थकवा समजून घरी झोपू नका, दवाखान्यात जा. बाजूच्या धुऱ्यावर (बांधावर) कोणी फवारत असेल तर रस्ता बदला, जोरात श्वास घेत तिथून जायचं काही कारण नाही.

रस्ता

उजव्या बाजूने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. कापसाचे ट्रॅक्टर, मागे लाल लाइट नसलेल्या ट्रॉल्या, धुकं, हे सगळं एकाच वेळी असते पहाटे. पांढरा नाही तर भडक रंगाचा शर्ट, टॉर्च, आणि कानात हेडफोन अजिबात नाही. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, रोज त्याच उतारावर पळालं की गुडघा दुखतो, म्हणून रिकाम्या सपाट पांदणीचा तुकडा भेटला तर वापरा. पण अवकाळी पाऊस झाला की पांदण विसरा, काळी माती बुटाला अशी चिकटते की एकेक पाय किलोभराचा होतो.

जंगलाच्या कडेची गावं असतील, ब्रह्मपुरी-सिंदेवाही साइड किंवा टिपेश्वरच्या आजूबाजूची, तर उजाडल्याशिवाय निघायचंच नाही आणि एकट्याने तर कधीच नाही. वाघाचं सगळे बोलतात, पण रानडुक्कर बी काही कमी नाही. आणि डुकरांसाठी कोणी कोणी धुऱ्यावर तार लावून करंट सोडतो, बेकायदा आहे, पण होते. अंधारात शॉर्टकट म्हणून वावरातून जाऊ नका.

खाणं, पाणी आणि खर्रा

वेगळं काही लागत नाही. भाकर, वरण, भाजी, दही, अंडं खात असाल तर अंडं. सकाळच्या छोट्या पळण्याला अर्धं केळ पुरते. परत आल्यावर अर्ध्या-एक तासात काहीतरी पोटात जाऊ द्या, शेंगदाणे-गूळ, पोहे, काही बी. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री असतातच, दुसऱ्या मुलखातल्या लोकांना विकत घ्यावी लागतात, आपण झाडाखाली उभं राहून खातो.

तासाच्या वर पळणं झालं आणि घाम खूप गेला तर मीठ-साखरेचं पाणी घ्या. घरी करायचं तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका. आणि नुसतं पाणी बी तहान नसताना ढसाढसा पिऊ नका, रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर येते, हे उलटं प्रकरण लोकांना माहीतच नसते.

खर्र्याबद्दल काय लिहू. आमच्या एका भावाची सवय होती, सुपारी-तंबाखूचा पन्नीत घोटलेला खर्रा तोंडात टाकूनच शाळेच्या गेटवर यायचा, म्हणे तरतरी येते. तंबाखूने हृदयाचे ठोके आधीच वाढतात, त्यावर पळणं, त्यात तोंड भरलेलं म्हणून श्वास नाकानेच. दुसऱ्या किलोमीटरवर एकदा त्याला असा ठसका लागला की आम्ही पाठीवर थापट्या मारून दमलो. सोडा म्हणून मी सांगितलं की कोणी सोडत नाही, म्हणून ग्रुपचा नियम एवढाच केला, गेटच्या आत पन्नी दिसली की त्या दिवशी शेवटचा माणूस तोच. बऱ्यापैकी काम झालं त्याने.

दुखलं तर

दोन्ही पायांच्या पोटऱ्या, मांड्या सारख्या दुखतात, दोन दिवसांत कमी होतात, ते चालते. एकाच पायाचं, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखते, चालताना बी कळ येते, ते थांबायचं. नडगीच्या हाडावर असं दुखलं तर हाडाला बारीक तडा असू शकतो, बाम चोळून तो जात नाही. पळणं बंद करा आणि डॉक्टरला दाखवा. पेनकिलर खाऊन पळायचं नाही, रेसच्या सकाळी तर नाहीच, घाम गेलेल्या शरीरात त्या गोळीचा किडनीवर ताण येतो.

छातीत दाब, डावा हात किंवा जबडा भरून येणं, थंड घाम, हे झालं की बसवा आणि १०८ लावा. उन्हात पळून कोणी बरळायला लागला, तोल जायला लागला तर ऊन लागलं समजा, सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, ओल्या दुपट्ट्याने वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

शेवटचा आठवडा आणि जाणं

शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर कमी करत जायचं. अकराव्या रविवारी ६ किलोमीटर, मग शेवटच्या आठवड्यात दोन दिवस वीस-वीस मिनिटं, बाकी आराम. या आठवड्यात नवीन बूट, नवीन खाणं, नवीन व्यायाम काहीच नाही, आणि जमलं तर पोती उचलायचं काम बी दुसऱ्याला द्या.

नंबर म्हणजे बिब बहुतेक रेसमध्ये आदल्या दिवशी घ्यावा लागतो. सगळ्यांनी जायची गरज नसते, दुसऱ्याने आपला बिब घेतलेला चालतो का ते आधी मेसेजमध्ये वाचा, चालत असेल तर सगळ्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि सहीची चिठ्ठी घेऊन एकाला पाठवा. रेस सहा-साडेसहाला सुटते, गावची पहिली एसटी काही तेव्हा पोचवत नाही. आदल्या दिवशी एसटीने जाऊन नातेवाइकाकडे मुक्काम करणं सगळ्यात स्वस्त, बायांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या वरच्यांना फुकट. नाही तर सगळे मिळून गाडी करा, पहाटे तीनला निघा.

नातेवाइकाकडे मुक्कामाचा एक धोका सांगून ठेवतो. पहिल्या रेसच्या आदल्या रात्री नागपूरला आमच्या भाऊजींनी पाहुणा आला म्हणून सावजीचं चिकन आणलं, तेलाचा तवंग बोटभर, आणि "खाय ना बे, उद्या ताकद लागन" म्हणून आग्रह. मी खाल्लं, दोनदा घेऊन खाल्लं. सकाळी स्टार्टच्या लाइनऐवजी मी संडासच्या लाइनीत उभा होतो. आधीच फोन करून सांगा, आपल्याला साधं वरण-भात आणि पोळी पाहिजे, चिकन रेस झाल्यावर.

रेसची सकाळ

दोन तास आधी उठा, केळ, दोन ब्रेड किंवा पोळी-गूळ, घोटभर चहा, आणि संडास घरूनच. बिब आदल्या रात्रीच रोजच्या शर्टला छातीवर पिना लावून ठेवा. रेसवाल्यांनी दिलेला नवा टी-शर्ट घरी ठेवा, नवीन कापड कुठे घासेल काही सांगता येत नाही. टायमिंगची चिप बहुतेक बिबच्या मागेच असते, ती दुमडू नका.

स्टार्टला एकदम पुढे उभं राहू नका. पुढे उभे असतात ते पळणारे वेगळे असतात, ते तुम्हाला धक्का देऊन जातील किंवा तुम्ही त्यांच्यासोबत ओढले जाल, दुसरं जास्त वाईट. मी ओढला गेलो होतो. डीजे वाजत होता, सगळे उधळले, मी बी उधळलो, पहिले दोन किलोमीटर असे गेले की वाटलं आपण चुकून गावात जन्मलो, आणि सहाव्या किलोमीटरवर दोन्ही पोटऱ्यांत गोळे येऊन डिव्हायडरवर बसलो. ज्यांना मी मागे टाकलं होतं त्या दोन काकू माझ्यापुढून गप्पा मारत निघून गेल्या, एक तर म्हणाली बी, "उठा भाऊ, बसू नका." तर पहिला किलोमीटर मुद्दाम हळू. लोक पुढे जातील, जाऊ द्या. ४ आणि १ पहिल्या मिनिटापासून पाळायचं, गर्दीसमोर चालायची लाज वाटते म्हणून चालायची मिनिटं खाऊ नका. चालताना कडेला व्हा, हात वर करा म्हणजे मागचा आदळत नाही.

पाण्याच्या स्टॉलवर पहिल्या टेबलवर सगळे तुटून पडतात, शेवटच्या टेबलवर जा. चालत चालत दोन घोट प्या. रिकामा ग्लास डब्यातच टाका, रस्त्यावर टाकला की मागचा घसरतो. सातव्या-आठव्या किलोमीटरवर डोकं म्हणते बस झालं, तेव्हा पुढचा विजेचा खांब धरा, तो आला की त्याच्या पुढचा.

फिनिश लाइन ओलांडली की लगेच बसू नका, फोटो बी नंतर. दहा मिनिटं चालत राहा, नाही तर चक्कर येते. मग खा, प्या, कोरडा शर्ट घाला. आमच्यातले जे आधी येतात ते मेडल घालून परत मागे जातात आणि आपल्या शेवटच्या माणसासोबत उरलेलं अर्धा किलोमीटर चालत येतात. कंडक्टर काका दरवर्षी शेवटचे असतात आणि दरवर्षी तिथून बोंबलतात, "चला, पुढं सरका, मागं जागा हाय!"

दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरावा लागते, नॉर्मल आहे. आठवडाभर पळू नका, थोडं थोडं चाला. फोड असतील तर वरची कातडी काढू नका. अंगठ्याचं नख काळं पडलं असेल तर बूट लहान होते, नख आपोआप पडेल, नवीन येईल, त्याला ओढू नका. आणि गाडीचे पैसे ज्याने भरले त्याला त्याच संध्याकाळी पाठवून द्या, मागच्या वर्षीचे दोघांकडून अजून यायचे आहेत.